मधल्या खोलीपलीकडचं नेट

“गेमच तर आहे ना?”

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे, की आता ते कानावर पडलं की माझा काम करता हात थांबतो. मालिका अडकली तर घरात हलकल्लोळ होतो. व्हिडिओ कॉलवर जावयाचं तोंड दिसलं नाही तर मला शिव्या बसतात, आणि त्या मी खातो, कारण काम माझं आहे. पण घरातलं एखादं तरणं माणूस म्हणालं, की खेळताना नेट अडकतं, तर घरचे मला बाजूला घेऊन सांगतात : काहीतरी केल्यासारखं करा, चहा घ्या आणि जा. गेमच तर आहे.

मी रिसोडला राहतो. घरोघरी इंटरनेट जोडून देणं आणि ते बिघडलं की दुरुस्त करणं हा माझा धंदा. आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचो, मग एका कंपनीत फायबरच्या कामाला लागलो, आता स्वतःचं काम करतो. या अंकासाठी धंद्यातल्या गमतीजमती लिहा, असा निरोप आला. गमती आहेत. पण कागद समोर घेतला की आधी रागच येतो, आणि तो मी आवरणार नाही.

राग कशाचा हे कळायला थोडा धंदा समजून घ्यावा लागेल.

ऑनलाइन गेममध्ये तुम्ही बटण दाबता, त्याची खबर मुंबईला किंवा त्याहून लांब ठेवलेल्या एका मोठ्या कॉम्प्युटरकडे जाते. तो सगळ्या खेळणाऱ्यांचा हिशेब करतो आणि काय घडलं ते तुम्हाला परत कळवतो. या जाण्यायेण्याला लागणारा वेळ म्हणजे पिंग. सेकंदाचे हजार भाग केले की एक मिलिसेकंद होतो. पिंग त्यात मोजतात. पन्नासच्या आत असला तर माणसाला जाणवत नाही. दीडशेच्या वर गेला की जाणवतो. आणि आत्ता चाळीस, लगेच तीनशे, पुन्हा साठ अशा उड्या मारायला लागला, तर खेळणंच खुंटतं. याला लॅग म्हणतात. समोरचा तुम्हाला झाडामागं उभा दिसतो, तुम्ही नेम धरता, पण तो तिथून केव्हाच निघून गेलेला असतो. तुम्हाला गोळी लागते आणि त्यानंतर तो कोपऱ्यावरून येताना दिसतो.

आता वेग. रिसोडहून वाशिमला जाणाऱ्या एसटीत दुप्पट सीटा बसवल्या म्हणून ती वाशिमला लवकर पोचत नाही. जास्त माणसं नेते, एवढंच. प्लॅनचा वेग म्हणजे सीटा. पिंग म्हणजे गाडीला लागणारा वेळ. गेमला सीट एकच लागते. गाडी मात्र वेळेवर लागते, आणि दर वेळी वेळेवर लागते.

ही गोष्ट शाळकरी पोरालाही समजते. कंपनीतल्या साहेबांनाही ती समजत होती, आणि माझं दुखणं तेच आहे. त्यांना समजत नसती तर मी रागावलो नसतो. दर महिन्याच्या बैठकीत साहेब विचारायचे, “लॅगची तक्रार आली, तर पहिलं उत्तर काय?” आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, “प्लॅन वाढवा.” त्या मोठ्या प्लॅनला गेमरचा प्लॅन असं नाव दिलं होतं, आणि जाहिरातीच्या कागदावर विजेची रेघ काढली होती.

एकदा मी बोललो. “सर, त्या घरात दोनदा प्लॅन वाढवला. राउटर लोखंडी कपाटात आहे.”

साहेब म्हणाले, “आपण कपाटं विकतो का?”

ते घर रिसोडातलंच. राउटर साड्यांच्या खणात, वर दार बंद. मी दार उघडलं आणि पिंग माझ्या डोळ्यांदेखत खाली आला. घरातल्या वहिनी म्हणाल्या, “म्हंजे आता कपाट उघडंच ठेवाव काय? दागिने हायेत त्यात.”

“वहिनी, दागिने आत ठेवा. राउटर बाहेर काढा.”

“अन राउटर चोरीले गेलं तं?”

दागिने एकदा चोरीला गेले तर कळतं तरी. त्या घरातल्या मुलाचा खेळ दोन वर्षं चोरीला जात होता, दर महिन्याला जास्त पैसे भरून, आणि तो मुलगा स्वतःला अडाणी खेळाडू समजून बसला होता. मला चीड येते ती याची. माणसाला चांगली वस्तू न देणं एक वेळ समजू शकतो. पण वाईट वस्तू देऊन वर ‘तुम्हालाच जमत नाही’ असं त्याला वाटू द्यायचं? तशीच ती मोबाइलवरची पिंग कमी करून देणारी फुकट ॲप. मी त्यातली बरीच चालवून, आधी आणि नंतर मोजून पाहिली. त्यांनी कमी झाली ती फोनची बॅटरी.

बिनतारी नेटचा, म्हणजे वायफायचा, मोठा शत्रू लांबचा नसतो, घरातलाच असतो. राउटरपासून मुंबईपर्यंतची वाट काचेच्या धाग्यातून जाते. तिथं सहसा काही अडत नाही. अडतं ते राउटरपासून तुमच्या खुर्चीपर्यंतच्या पंधरा-वीस फुटांत. लोखंड राउटरच्या लहरींना परत फेकतं. पाणी त्यांना गिळतं. पाणी गिळतं हे मी ऐकून होतो, पण पाहिलं ते एका मास्तरांच्या घरी.

हे मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. ऑनलाइन बुद्धिबळ खेळायचे, तेही तीन-तीन मिनिटांचं, ज्यात विचार करायलाही सवड नसते. त्यांनी मला बोलावलं आणि वर्गात उभं करावं तसं उभं केलं.

“तू मला सांग. घोडा मी हलवला. घोडा हलला नाही. घड्याळ मात्र चाललं. हे कोणत्या शास्त्रात बसतं?”

मी मोजून पाहिलं, पिंग उत्तम. मास्तर माझ्यासमोर दोन डाव जिंकले आणि उलट माझ्यावरच चिडले, कारण आता त्यांची तक्रार खोटी ठरत होती. आठवड्याभरानं पुन्हा तेच. मी पुन्हा गेलो, पुन्हा सगळं उत्तम. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, “तुमी आले की ते जिंकतेत. तुमालेच ठिवून घ्याव लागते.”

तिसऱ्या खेपेला मी अगोदर न कळवता गेलो. त्या दिवशी नळ आला होता. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आला की घरातलं होतं नव्हतं ते सगळं भरून ठेवायचं. मास्तरांच्या घरात बोळीत निळे ड्रम एकाला एक लावून ठेवलेले. बोळीच्या एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला मास्तरांची खुर्ची. ड्रम काठोकाठ भरले की मधे पाण्याची भिंतच उभी राहायची आणि मास्तर हरायचे. रोजच्या वापरानं पाणी खाली गेलं की लहरींना वरून वाट मिळायची आणि मास्तर जिंकायला लागायचे. मी नेमका पाणी खाली गेल्यावर जात होतो.

पाण्याचे ड्रम हलवा असं कुठल्या तोंडानं सांगणार? आमच्या भागात पाणी आधी, बाकी सगळं नंतर. म्हणून मास्तरांनाच हलवलं. खुर्ची ओसरीवर आणली, तिथून राउटर थेट दिसतो. पिंग स्थिर झाला. काकूंचा अभिप्राय असा, “आंधी घरातल्या घरात हरत व्हते, आता सगळ्या गल्लीले दिसते.”

मास्तरांचं हरणं मी हसून सांगू शकतो, कारण त्यांचं त्यात काही जात नव्हतं. प्रणालीचं जात होतं.

प्रणाली किन्हीराजाची. बी.एस्सी. झालेली, गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेते. वडील उद्धवराव, शेती चांगली, घर नुकतंच नव्यानं रंगवलेलं. शिकवण्यांच्या कमाईतून तिनं जुना कॉम्प्युटर घेतला होता आणि पाच-पाच जणांच्या दोन संघांनी लढायचा एक गेम ती खेळत होती. किती चांगला खेळत होती हे मला सांगता येणार नाही. त्यातलं मला कळत नाही. मी फक्त पिंग जाणतो. पण पुण्याच्या एका संघाला पाचवा खेळाडू हवा होता. त्यांनी तिचे खेळ पाहिले होते आणि तिला चाचणीला बोलावलं होतं. चाचणी आपल्या घरूनच द्यायची. अट एकच : पिंग साठच्या आत आणि स्थिर. मधेच उड्या मारायला लागला तर तिथंच काढून टाकणार, कारण एकाच्या लॅगनं बाकीच्या चौघांचा डाव बुडतो. संघाच्या कप्तानानं तिला सांगितलं होतं, “गावाकडच्या नेटवर आम्ही सहसा कोणाला घेत नाही. तुझा खेळ पाहून एकदा संधी देतोय.”

मी पहिल्यांदा गेलो ते श्रावणात. फायबर रस्त्याकडच्या बैठकीत येतं, त्यामुळे राउटर बैठकीत. मधे एक मोठी खोली. तिच्यापलीकडे मागच्या अंगाला प्रणालीची खोली. मी म्हणालो, “उद्धवराव, बैठकीतून हिच्या खोलीत एक वायर टाकू. खिडकीतून काढून बाहेरच्या भिंतीवरून नेतो. तिच्या खोलीला बाहेरून एक भोक पाडावं लागेल, बोटाएवढं. लॅगचा प्रश्नच संपतो.”

“भोक?” उद्धवरावांनी भिंतीकडे असं पाहिलं, जणू मी तिला सुरा लावला आहे. “भाऊ, आत्ताच पुट्टी मारून रंग देल्ला. पुढच्या महिन्यात पोरीले पाह्याले पाव्हणे येऊन राह्यले. त्याईले काय वायरी दाखवू?”

“पाव्हणे वायर पाहतील की मुलगी?”

“ते सगळंच पाह्यतेत, भाऊ.”

बैठकीत दोन पंखे, झुंबर, भिंतीवर मोठा टीव्ही. त्या टीव्हीसाठी तीन भोकं पाडली होती. ती कोणाला दिसली नव्हती.

वायर नाही म्हटल्यावर बिनतारीतूनच जेवढं निघेल तेवढं काढायचं ठरवलं. राउटर टीव्हीच्या मागे कोंबला होता, तो काढून बैठकीतून मधल्या खोलीत जाणाऱ्या दारावर उंच फळीवर ठेवला. राउटरच्या लहरींचे दोन पट्टे असतात. एक जुना, तो लांब जातो, पण आसपासच्या सगळ्या घरांची गर्दी त्यावरच. दुसरा नवा; मोकळा असतो, पण भिंतीला लवकर दमतो. प्रणालीचा कॉम्प्युटर मोकळ्या पट्ट्यावर घेतला. मग उद्धवरावांचा फोन. ते रोज आपल्या सोयाबीनचे व्हिडिओ काढून साऱ्या गणगोताला पाठवायचे. घरातून बाहेर जाणारी वाट अरुंद असते. पोरीची गोळी वडिलांच्या सोयाबीनमागं रांगेत उभी राहायची. राउटरमध्ये तिच्या कॉम्प्युटरला पहिला मान दिला. मग पिंग पाहिला. एक्केचाळीस, चव्वेचाळीस, बेचाळीस. तासभर तिथं बसून राहिलो, शेहेचाळीसच्या वर गेला नाही.

प्रणाली पडद्याकडे पाहून म्हणाली, “काका, हे खरंच आपलंच नेट हाये?”

उद्धवराव म्हणाले, “झालं ना वायरीबिगर? तुमी उगीच भोक पाडत व्हते.”

चाचणीची तारीख पुण्याच्या संघानं ठरवली. ती नेमकी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींच्या, जेवणाच्या दिवशी आली, दुपारी तीनला. त्यांच्या वेळापत्रकात सणवार नसतात.

त्या दिवशी सकाळी माझ्या घरीही महालक्ष्म्या बसलेल्या. पुरण शिजत होतं. प्रणालीचा फोन आला.

“काका, पिंग तीनशेवर जाऊन राह्यला. मधातच तुटूनही जाते. मी काहीच बदललं नाही. राउटर तिथंच हाये.”

“घरात काय बदललं?”

“काहीच नाही. महालक्ष्म्या बसल्या, तेवढंच.”

“कुठं बसवल्या?”

“मधल्या खोलीत.”

मी हातातली वाटी खाली ठेवली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्यांचे मुखवटे पत्र्याच्या कोठ्यांवर बसवतात. कोठी म्हणजे कमरेएवढं पत्र्याचं पिंप. त्यात गहू, ज्वारी भरायची, वरून साडी नेसवायची. मागं मखर, आणि आता मखराला सगळीकडे चांदीसारखा चकचकीत कागद लावायची पद्धत. पत्रा, धान्य आणि तो कागद. राउटर आणि प्रणालीची खोली यांच्या बरोबर मधे. लहरींना अडवायला दुसरं काही ठेवायची गरजच नव्हती. आणि महालक्ष्म्या एकदा बसल्या की विसर्जनापर्यंत कोणी त्यांना बोटभरही सरकवत नाही. सरकवा असं म्हणणार मीही नाही.

बायको म्हणाली, “आज जेवनाच्या दिवशी कुठं निंगाले?”

“किन्हीराजाला.”

“कोनाचं नेट गेलं?”

“एका मुलीची चाचणी आहे.”

“परीक्षा हाये म्हना की,” ती म्हणाली आणि बाजूला झाली. सगळ्या प्रकरणात ‘गेमच तर आहे’ न म्हणणारं ते पहिलं माणूस. मी वायरीचं भेंडोळं गाडीला बांधलं आणि मालेगाव मार्गे निघालो.

किन्हीराजाला पोचलो तेव्हा पहिली पंगत बसायच्या बेतात होती. अंगणात मांडव, पंखे, आचाऱ्याच्या चुली, आणि बैठकीत पाहुणेच पाहुणे. मधल्या खोलीत महालक्ष्म्या जरीच्या साड्यांत उभ्या, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, मागं मखर लखलखतंय. मी हात जोडले. मग दारात उभा राहून पिंग मोजला : बेचाळीस. मखराला वळसा घालून प्रणालीच्या खोलीत मोजला : तीनशे दहा. दिव्यांच्या माळांचाही काही दोष आहे का ते पाहायला त्या मिनिटभर बंद करायला लावल्या. फरक पडला नाही. अडवत होतं ते मखर आणि कोठ्याच.

मी उद्धवरावांना बाजूला घेतलं. “आता वायरच. भोक नको, खिडकीच्या फटीतून घेतो. आजच्यापुरती.”

“भाऊ, आज सारं गाव जेवाले येऊन राह्यलं. वायर लोंबकळन. लोक काय म्हनतीन? अन तीनले दुसरी पंगत हाये. हिले वाढाव लागते. गेमच तं हाये, राहू द्या ना आजच्या दिवस.”

प्रणाली दारातच उभी होती. हातात पत्रावळ्यांचा गठ्ठा. तो गठ्ठा तिनं खाली ठेवला नाही, यावरून मला कळलं की तिनं आशा सोडली आहे.

मी काही बोललो तर बाहेरचा माणूस म्हणून ऐकून घेतलं जाईल आणि पुढं काहीच होणार नाही, हे मला माहीत होतं. पण मी बोललो. म्हणालो, “उद्धवराव, मुलगा असता आणि आज त्याची क्रिकेटची मॅच असती, तर तुम्ही मांडवात पडदा लावला असता.”

ते लाल झाले. आणि मागून आवाज आला, “खरं बोलून राह्यले ते.”

उद्धवरावांची थोरली बहीण, शांताआत्या. महालक्ष्म्यांच्या सगळ्या कारभाराची सूत्रं त्यांच्या हातात. पुरणात साखर किती ते पंगत केव्हा ते सगळं त्या ठरवत. हात पिठानं भरलेले, तशाच बाहेर आल्या.

“काय वायर वायर लावलं रे उद्धव? ते पंख्याचं वायर कुठून आलं? अन ते लाइटीचं? तुह्या त्या भोंग्याचं वायर तं देवीच्या डोक्यावरून नेलं तू. तवा कोनी काही म्हनलं? पोरीचंच वायर लोकाइच्या डोळ्यात खुपते काय?”

“तसं नाही अक्का, पण दुसऱ्या पंगतीले वाढन कोन?”

“तू.”

“मी?”

“हात मोडले काय तुहे? कढी वाढ. सांडली तं सांडली.”

आजूबाजूच्या बायका हसल्या. उद्धवराव मांडवात निघून गेले. आत्या प्रणालीकडे वळून म्हणाल्या, “ते पत्रावळी इकडं दे अन जाय. मले तुह्यं ते काही समजत नाही. पन जाय.”

बैठकीच्या खिडकीतून वायर बाहेर काढली. बाहेरच्या भिंतीवर कपडे वाळवायच्या तारेला बांधत नेली, गोठ्याच्या पत्र्याखालून फिरवली आणि मागच्या खिडकीच्या फटीतून तिच्या खोलीत घेतली. एक टोक राउटरला, एक कॉम्प्युटरला. पिंग अडतीस. एकोणचाळीस. अडतीस. बिनतारीपेक्षाही कमी, आणि हलायचं नाव नाही. प्रणालीनं कानावर हेडफोन चढवले आणि दार लोटून घेतलं.

मला वाटलं, झालं. पण माझा धंदा मला इतका सुखाचा कधी लागलेला नाही. मी बैठकीत आलो तर एक जाडजूड पाहुणे राउटरच्या बोर्डापाशी उभे, एका हातात मोबाइल, दुसरा हात थेट राउटरच्या प्लगवर.

“पाव्हणं, हात काढा!”

ते दचकले. “अहो, चार्जिंगच तं लावून राह्यलो. हे काढतो जरासं.”

“ते काढू नका. आत परीक्षा चालू आहे.”

“महालक्ष्म्याच्या दिवशी? कायची परीक्षा?”

“मुलाखत आहे पुण्याची,” मी म्हणालो. गेम म्हणालो असतो तर त्यांनी प्लग काढला असता, आणि माझ्या सत्यवादीपणाचं काय लोणचं घालायचं होतं? त्यांनी मान डोलावून प्लग सोडला. मग मी राउटरखालच्या खुर्चीवर बसलो आणि उठलोच नाही. माझी पंगत गेली. फोन घेऊन जो येईल त्याला मी दुसरा बोर्ड दाखवत होतो. एक पाहुणा म्हणाला, “तुमी घरचे की बँकेचे राखनदार?” खिडकीतून मांडव दिसत होता. उद्धवराव कढीची बादली घेऊन वाकून वाढत होते. एक म्हातारा त्यांना म्हणाला, “उद्धवा, पयल्यांदाच पाह्यलं बापा तुले वाढताना.” उद्धवराव म्हाताऱ्याच्या पानात आणखी कढी ओतून पुढं गेले.

दोन तासांनी दार उघडलं. प्रणालीच्या कानाखाली हेडफोनचे वळ उमटले होते. आत्या, मी आणि कढीच्या बादलीसकट उद्धवराव, सगळे तिच्याकडे पाहत राहिलो.

“नाही घेतलं,” ती म्हणाली. “दुसऱ्या एकाले घेतलं. तीन डाव झाले. शेवटचा माह्यामुळं गेला.”

उद्धवरावांनी बादली खाली ठेवली. “मंग एवढं करून काय फायदा झाला?”

“बाबा, मी चुकली. मी डावीकडं पाह्याले पाह्यजे व्हतं, मी उजवीकडं पाह्यलं. समोरचा माह्याहून हुशार निंगाला.” तिचं तोंड पडलेलं नव्हतं. “आजवर मले हेच समजत नव्हतं, माह्यं चुकते का नेटचं. तीन वर्सं झाले, मी नेटलेच शिव्या देऊन राह्यली. आज समजलं, मी कुठं कमी आहो. ते मले दुरुस्त करता येते.”

“अन ते पुण्याचे काय म्हनले?” आत्यांनी विचारलं.

“दिवाळीनंतर पुन्हा चाचणी हाये. म्हनले, असंच नेट असलं तं ये.”

आत्या म्हणाल्या, “जेवून घे आधी,” आणि तिला पुरणपोळी खायला बसवलं. मलाही बसवलं. उद्धवरावांनी आम्हाला कढी वाढली. फार वाढली.

इथं संपवलं असतं तर गोड झालं असतं. पण मी घडलं ते लिहितो आहे. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उद्धवरावांनी वायर काढून गुंडाळून ठेवली. पाहुणे यायचे होते. मी फोनवर म्हणालो, आता मखर गेलं, बिनतारी पुन्हा बेचाळीसवर येईल. पण पावसाळी ओल, शेजारचे नवे राउटर, कोणाचं तरी कपाट, यांची हमी मी देऊ शकत नाही. ती हमी फक्त वायर देते. ते म्हणाले, “पाव्हणे होऊन जाऊ द्या, मंग पाहू.” हे ‘मंग पाहू’ मी पुष्कळ घरांत ऐकलं आहे. मुलींच्या बाबतीत ते ‘मंग’ कधी येतच नाही.

आणि मला पुन्हा राग आला. त्या पाहुण्यांचा नाही, उद्धवरावांचाही पूर्ण नाही. ते वाईट माणूस नाहीत. राग याचा, की एका मुलीनं स्वतःची लायकी किती आहे ते एकदा नीट मोजून पाहावं, एवढी साधी गोष्ट एका गुळगुळीत भिंतीपुढं हलकी ठरते. किती घरांत किती जण असे असतील, की ज्यांना आपण चुकतो की आपलं काही दुसरंच चुकतं, हेच कधी कळलं नाही? लोक त्यांना आळशी म्हणाले, टाइमपास करतात म्हणाले, आणि त्यांनीही ते मान्य करून टाकलं.

मी काही आठवडे वाट पाहिली आणि मग स्वतःच फोन करायचं ठरवलं. त्याआधीच प्रणालीनं पाठवलेला एक फोटो आला. उद्धवराव सोयाबीन घेऊन रिसोडच्या बाजाराला गेले होते, तेव्हा तिनं गावातल्या वायरमनकडून ड्रिल आणलं होतं. तिच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला एक भोक, थोडं तिरपं, पण आरपार. रंगाचे दोन-चार टवके उडालेले. भोकातून वायर आत गेलेली. खाली लिहिलं होतं : “काका, आत्यानं स्टूल धरला. पावसाचं पाणी वायरीवरून आत नको यायला. काय करू?”

मी लिहिलं : भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेव. वायर सरळ आत नेऊ नकोस. भोकाच्या खाली तिला हातभर झोल दे, म्हणजे पाणी झोलापर्यंत येईल आणि तिथूनच खाली गळून जाईल. मग सिमेंट भर.